हत्तिणीच्या अंगावरचे लाल ठिपके

मिस्त्री चोर आहे, याबद्दल जिजींच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. अडलं होतं ते फक्त पुराव्यावाचून. म्हणून तर सकाळी सात वाजता, गाडी गॅरेजला न्यायच्या आधी, त्या बोनेट उघडून हातात सुनेची नेलपॉलिशची बाटली घेऊन उभ्या होत्या. बॅटरीच्या कोपऱ्यावर एक लाल ठिपका. डायनामोवर एक. रेडिएटरच्या झाकणावर एक. स्टार्टरपर्यंत हात पोचेना, तर मोडक्या छत्रीच्या काडीला ब्रश बांधून तिथेही एक. असे सतरा. वस्तू बदलली की ठिपका जाणार, ठिपका गेला की चोर सापडणार.

सून चार दिवस विचारत होती, "माझी लाल बाटली कोण पितंय या घरात?"

गाडीचं नाव हत्तीण. हे नाव यजमानांनी ठेवलेलं. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी ही गर्द हिरवी, सात जणांची, दारात उभी केली की खिडकीतला उजेड अडवणारी गाडी आणली, तेव्हा घरात माणसंच तेवढी होती. सासूबाई पुढे, दोन नणंदा मधे, मुलं मागे सामानावर. एवढं करून कुणाच्या तरी मांडीवर कुणीतरी असायचंच. मग एकेक जण उतरत गेलं. कुणी लग्न होऊन, कुणी नोकरीपायी, सासूबाई आणि यजमान तर कायमचेच. हत्तीण मात्र होती तेवढीच राहिली.

आता तिच्यात मंगळवारी दोघीच बसत, जिजी आणि त्यांची धाकटी बहीण. धाकटीचे गुडघे गेलेले. हल्लीच्या बुटक्या गाड्यांत ती बसायची दगडासारखी आणि बाहेर काढायला दोन माणसं लागायची. हत्तिणीच्या डाव्या दाराखाली यजमानांनी तिच्यासाठी लोखंडी पायरी जोडून घेतली होती, वर जुन्या टायरचं रबर ठोकून, पाय घसरू नये म्हणून. तिच्यावर पाय देऊन धाकटी राणीसारखी चढायची. आधी गुडघ्यांचा व्यायाम करून घेणारी बाई, मग वाचनालय, मग पाण्याकाठचा बाक, थर्मासमधला चहा आणि आई-वडिलांच्या वेळच्या गोष्टी. सहा वर्षांत मंगळवार चुकला नव्हता. उरलेले सहा दिवस धाकटी आपल्या खोलीच्या खिडकीत बसून त्या एका दिवसाची वाट बघायची.

आणि या मंगळवारावरच आता घाला येऊ घातला होता. मुलाने गाडी विकायचं मनावर घेतलं होतं.

"आई, पांढरा हत्ती पोसतेयस तू."

"हिरवा आहे," जिजी म्हणायच्या.

"महिनाअखेर ठरव. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

जिजींना गाडीतलं कळत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. यजमानांनी त्यांना चालवायला शिकवलं ते कानाने. "काटे खोटं बोलतील, इंजिन बोलणार नाही," हे त्यांचं पालुपद. ते बोनेट उघडायचे, जिजींना डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, आता काय बदललं? जिजींना कळायचं. एकदा तर त्यांनी भर रस्त्यात सांगितलं, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. मिस्त्री हसला होता. मग चाक उतरवलं आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. तेव्हापासून बावीस वर्षं तो आधी विचारायचा, "वहिनी, तुमचा कान काय म्हणतो?"

हल्ली विचारत नव्हता. ही संशयाची पहिली खूण.

त्या दिवशी गाडी गॅरेजच्या पत्र्याखाली नेऊन उभी केली तर तो हात पुसत आला आणि म्हणाला, "वहिनी, पट्टा ओरडतोय."

"कुठला पट्टा?"

"पंख्याचा. कोपऱ्यावर वळलात तेव्हाच ऐकू आला. बदलून टाकू."

जिजींनी इंजिनावर मान वाकवली. खालची घुरघुर संथ, ठेक्यात चाललेली. तिच्यावर काही म्हणजे काही नाही.

"मला तर काही ऐकू येत नाही."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे. नजर चुकवली. ही दुसरी खूण.

"पट्टा राहू दे," जिजी म्हणाल्या. "आधी रिव्हर्सचा बझर कुठे गेला ते सांग."

"बझर? जाईल कुठे? आहे जागेवर."

"मग वाजत का नाही?"

"वाजतोय की, वहिनी."

"वाजतोय?"

"वाजतोय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! गाडी मागे घेताना किर्र किर्र ओरडणारा तो बझर यजमानांनी मुद्दाम बसवून घेतलेला. जिजींनी शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब पाडला होता, त्यानंतर. गेल्या सर्व्हिसिंगनंतर एक दिवस जिजींच्या लक्षात आलं, बझर मुका झालाय. मूठभर वस्तू ती. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज बझर नेला, उद्या डायनामो नेईल.

"फक्त ऑइल बदल, ब्रेक बघ आणि इंजिन धुऊन दे," त्या म्हणाल्या. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

संध्याकाळी मिस्त्रीने गाडी घरी आणून दिली. जिजी चष्मा शोधून अंगणात येईपर्यंत तो फाटकाशी मुलाशी बोलत उभा होता. जिजी दिसल्या आणि दोघांचं बोलणं एकदम थांबलं. मुलाने आभाळाकडे पाहिलं, मिस्त्रीने चपलेकडे.

तिसरी खूण. आता संशय कसला राहिला? गाडी आजारी ठरवायची, आईला कंटाळा आणायचा, गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायची आणि दोघांनी मिळून साळसूदपणे म्हणायचं, आम्ही सांगत होतो!

त्यांनी भिंग आणून ठिपके तपासले. सतराच्या सतरा होते. जिजींची जरा निराशाच झाली. पण पुन्हा पाहिलं तेव्हा बॅटरीवरचा ठिपका डोळ्यांत खुपला. त्यांनी लावला तो जांभळट लाल होता, हा शेंदरी. डायनामोवरचाही तसाच.

म्हणजे ठिपकेसुद्धा बदलले! चोर साधा नव्हता.

"पट्टा बदलू दिला नाहीस म्हणे," चहा पिताना मुलगा म्हणाला. "अगं, कोपऱ्यावर आलीस की अख्ख्या गल्लीला कळतं."

कोपरा! मिस्त्रीही कोपराच म्हणाला होता. घोकून घेतल्यासारखे दोघे एकच पाठ म्हणत होते.

मंगळवारी धाकटी पायरीवरून चढून बसली. शाल नीट केली, थर्मास मांडीत घेतला. जिजींनी गाडी सुरू केली, कोपऱ्यावर वळवली आणि विचारलं, "खरं सांग, तुला पट्ट्याचा आवाज येतो?"

धाकटी समोर बघत राहिली. "पट्ट्याचा? छे गं, ताई."

"आणि मागे घेताना बझर?"

"बझर नाही गं. मुळीच नाही."

जिजींचा जीव भांड्यात पडला. जगात एक तरी माणूस आपलं होतं. वाटेत त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं, ठिपक्यांपासून फाटकापर्यंत. ज्याला हाताने वाढलं तो मिस्त्री असा निघाला! तीन घरी तर त्यांनी सांगूनही टाकलं होतं, त्याच्याकडे गाडी टाकू नका. धाकटी "हो का," "अगं बाई," करत होती आणि थर्मासचं झाकण उघडझाक करत होती.

व्यायाम झाल्यावर जिजी म्हणाल्या, "आज सोक्षमोक्ष. तू बसून राहा, उतरू नकोस. मी मागे जाऊन बझरची रिकामी जागा बघते. मग त्याला तोंडावर सांगते."

"राहू दे ना, ताई. पाण्यावर जाऊ. उन्हं चढतील."

"पाणी काही पळून जात नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. मग किल्ली अर्धी फिरवून गिअर रिव्हर्सला टाकला. मागचा पांढरा दिवा लागला. वर्तमानपत्र अंथरून त्या बंपरमागे गुडघ्यांवर बसल्या आणि हात खाली घालून चाचपू लागल्या. चिखलाची खपली. वायर. वायर तुटलेली नव्हती. वायरीवरून बोट पुढे गेलं, आणि थबकलं.

बझर जागेवर होता. आणि बोटाखाली थरथरत होता. मुठीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

जिजींनी श्वास रोखून कान दिला. कानात काही नव्हतं. लांबून जाणाऱ्या ट्रकची घरघर होती, स्वतःची छाती होती. त्यांनी बोट उचललं, जग शांत. बोट टेकवलं, गांधीलमाशी.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक गृहस्थ वाकले. "अहो बाई! किती वेळ वाजवणार आहात?"

जिजी बंपर धरून उठल्या. मागच्या काचेतून त्यांना पुढची सीट दिसली. धाकटी खांदे वर चढवून, डोळे घट्ट मिटून बसली होती, आणि दोन्ही कानांवर तिने तळहात दाबून धरले होते.

मग पुढे येऊन त्यांनी किल्ली काढली. धाकटीने चटकन हात खाली घेतले.

"काय गं," ती म्हणाली, "नाहीच ना बझर?"

"कान का झाकले होतेस?"

"वारा होता."

"काचा बंद आहेत."

धाकटी थर्मासकडे बघत राहिली. साठी उलटलेल्या त्या तोंडावर, लहानपणी दौत सांडल्यावर दिसायचं तेच तोंड जिजींना दिसलं.

"पट्टाही ओरडतो?"

"ओरडतो," धाकटी हळूच म्हणाली. "सुई टोचावी तसा."

"आणि बझर?"

"तो कधी बंद पडलाच नाही, ताई."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी त्या माणसाला गावभर चोर करून आले!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" धाकटीने मान वर केली. "तुझा स्वभाव मला नवा आहे? त्याच दिवशी किल्ली खुंटीला अडकवली असतीस. मग मी कुठे जायचं? मला खिडकी पुरे झाली गं."

जिजींच्या ओठांवर रागाचं एक वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. शेंदरी ठिपका बघणारे आपले डोळे, सतरा वस्तू मोजणारं आपलं डोकं, आणि शेजारच्या सीटवरची लबाडी सोडून जगभर चोर शोधत फिरणारी आपली अक्कल! त्यांना स्वतःचीच कीव आली.

"कुणी मागून हॉर्न दिला तर सांगायचं," त्या गाडी सुरू करत म्हणाल्या. "खरं सांगायचं."

गॅरेज दोनच गल्ल्या पलीकडे होतं. जिजी चालत्या माणसाच्या वेगाने तिथवर गेल्या आणि धाकटी दोन्ही बाजूंनी सांगत राहिली, "सायकलची घंटा. आता स्कूटर. आता कुणी नाही."

मिस्त्री चहा पीत होता. दोघींना पाहून उठला.

"पट्टा बदल," जिजी म्हणाल्या. "आणि आधी मला सांग, ठिपके का बदललेस?"

मिस्त्री लाजला. "तुम्ही इंजिन धुवायला सांगितलंत ना, वहिनी. त्यात दोन गेले. म्हटलं, वहिनींना दिसले नाहीत तर जिवाला घोर लागेल. माझ्याकडचा रंग लावला. जुळला नाही जरा."

"तुला खुणा कधीपासून माहीत?"

"बोनेट उघडलं तेव्हापासून. नेलपॉलिश दुसरं कोण लावतं इंजिनाला?"

धाकटी खुदकन हसली. जिजी हसल्या नाहीत.

"आणि फाटकाशी काय चाललं होतं?"

आता मात्र मिस्त्रीने चपलेकडे पाहिलं नाही. "तुमच्या मुलाला म्हणत होतो, गाडी ठणठणीत आहे, विकू नका. वहिनींचे कान दाखवा. तो म्हणाला, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, आई तुमची. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, तेच ठरत नव्हतं."

"म्हणून मांजरच विकायला निघाला होता का तो?"

"त्याला तेच सोपं वाटलं असेल."

जिजींनी किल्ली मिस्त्रीच्या काळ्या तळहातावर ठेवली. "तीन घरी तुझी बदनामी केलीये. तीनही घरी जाऊन परत घेईन. आणि माझ्या कानांचं काय होतं ते कळेपर्यंत ही तुझ्याकडे. पुढच्या मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे तू न्यायचंस आम्हाला."

"आणि बाकावर?" धाकटीने घाईने विचारलं.

"बाकावरही. पण क्लचवर पाय ठेवून चालवायचं नाही. मी मागे बसून बघणार आहे."

"बघा की," मिस्त्री म्हणाला, आणि पाना घेऊन वाकला.

नवा पट्टा चढायला अर्धा तास लागला. त्याने इंजिन सुरू केलं. जिजींना ऐकू आली ती तीच खालची घुरघुर, आधी होती तशी. म्हणून त्यांनी बोनेटकडे पाहिलंच नाही. त्यांनी धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळ सैल होतं, खांदे खाली होते.

"थांबला?"

"थांबला गं, ताई."

"खरं?"

"खरं."

जिजींनी तरीही एकदा मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग कुठे त्यांचा विश्वास बसला.