चपलांपाशी सहा रविवार

चर्चचे पंच सर्जेराव उषाबाईच्या ओट्यावर टेकले आणि कितीतरी वेळ नुसता दम सावरत राहिले. चर्चपासून तिचं घर दोनशे पावलांवर. तेवढं चालायला त्यांना अठ्ठावीस वर्षं लागली होती.

उद्या रविवार. महिन्यातून एकदा जालन्याहून पाळकसाहेब मोटारसायकलवर येत आणि वाडीतल्या चर्चमध्ये प्रभुभोजन होई, येशूच्या आठवणीत सगळ्यांना भाकरीचा तुकडा वाटला जाई. आदल्या दिवशी, ज्यांचं एकमेकांशी वाकडं आहे त्यांनी भेटून मन साफ करावं, अशी इथली रीत. ती रीत मंडळीला सर्जेरावच सांगत. भाकरीचं ताटही तेच फिरवत. पण उषाबाईपाशी आलेलं ताट तसंच पुढं जाई. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्या हातचा तुकडा उचलला नव्हता.

"सलाम, उषाबाई."

"सलाम." ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. "वाट चुकले का काय, पंच?"

"न्हाई. तुझ्याकडंच आलो. नंदाबाई भेटली होती परवा, वडीगोद्रीच्या बाजारात. शीतलच्या हळदीचं बोलली."

शेंग सोलणारी बोटं जरा मंदावली.

नंदाबाई म्हणजे उषाबाईच्या भिंतीला भिंत लावून राहणारी हिंदू शेजारीण. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिच्या लेकीच्या, शीतलच्या लग्नात उषाबाई हळदीच्या जात्यावर बसली होती, ओवी गायली होती. हे म्हणजे परक्या दैवतांची पूजा, असं ठरवून सर्जेरावांनी तिला भर मंडळीत शिक्षा सुनावली: सहा रविवार दाराबाहेर, चपलांपाशी उभं राहायचं. कडेवर तान्हं लेकरू घेऊन ती उभी राहिली. काय गायलीस, एवढं कुणी विचारलं नाही. सातव्या रविवारी ती आत येऊन बसली, पण गळा बाहेरच ठेवून आली. आधी तिच्यावाचून भजनाला सूर सापडत नसे. मग लोकांना बेसूर गायची सवय झाली.

परवा बाजारात, मेथीची जुडी हातात धरून, नंदाबाईनं ती ओवी म्हणून दाखवली होती:

हळद दळिते बाई, जातं बोलं घरघर,
लेक चालली नांदाया, येशू, सावली तू धर.

"तू येशूचंच नाव घेतलं होतं," सर्जेराव म्हणाले. "मला काय म्हाईत! माफ कर, माय."

उषाबाईनं आता मान वर केली.

"आन नसतं घेतलं, तर ती शिक्षा बराबर होती का?"

सर्जेरावांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लेक चालली म्हून नंदा रडून राह्यली होती. म्या जात्याला हात लावला. त्याच्यात काय बाटलं, पंच? बाहेर काढलं चारचौघात, आन माफी मागाया माझ्या ओट्यावर? लई जल्दी आटपलं तुमचं."

"मंग काय करू?"

"मला काय इचारता? बायबल तुम्हीच वाचून दाखवता." तिनं सूप उचललं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी ताट पुढं केलं. सर्जेरावांनी ते घेतलं नाही. बाकाला धरून ते उठले, मंडळीकडं वळले.

"म्या उषाबाईला बाहेर काढलं होतं. ती काय गायली ते इचारलं न्हाई. पण त्याहून मोठं पाप, शेजारणीच्या दारात ती मायेनं गेली आन म्या तोच गुन्हा धरला. या हातानं भाकर वाटणं आता बस."

कुणी काही बोलायच्या आत ते उंबरा ओलांडून चपलांपाशी जाऊन उभे राहिले. ताट दुसऱ्या पंचांनी, रामप्रसादनं घेतलं. बाहेरून सर्जेरावांना उषाबाईची नुसती पाठ दिसत होती. ताट तिच्यापाशी थांबलं. थांबूनच राहिलं. मग तिचा हात पुढं आला.

आता हलकं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. पण गुडघे तेवढेच ठणकत होते, आणि उन्हानं टाळू तापली होती.

भजन सुरू झालं तेव्हा ती बाहेर आली.

"पाय दुखून राह्यले का?"

"लई."

"माझे किती रविवार होते?"

"सहा."

"आजचा एक झाला. पाच राह्यले." ती हसत नव्हती, रागातही नव्हती. "पुढच्या येळी काठी आणा. माझ्या कडंवर तर लेकरू होतं."

"आणतो." ते घुटमळले. "उषाबाई, ती ओवी..."

"तो गळा राह्यला कुठं आता!"

आत भजन सुराविना रेटत चाललं होतं. ती उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली, मागं वळली.

"उन्हात काय उभे राह्यले? त्या कोपऱ्याला सरका. दहाच्या पुढं लिंबाची सावली तिथवर येती. मला म्हाईत हाय."

सर्जेराव चपला ओलांडत, भिंत धरत, त्या कोपऱ्याकडं सरकले.