धनसिंग आबाचा भात

जामनेरकडच्या त्या गावात भात काही उगाच शिजत नसे. जावई आला, पंगत बसली, नाहीतर घरात कोणी अंथरुणाला खिळलं, तरच. एरवी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, हिरवा ठेचा आणि वरून तेलाची धार. यावर पिढ्यान्पिढ्या नांदल्या, कुणाचं काही अडलं नाही. पण धनसिंग आबाला सरपंच व्हायचं होतं, आणि तो किडा एकदा डोक्यात शिरला की माणसाला घरची भाकर गोड लागत नाही.

आबा नुकताच पंच म्हणून निवडून आला होता. आता पंचांनी आपल्यातूनच सरपंच निवडायचा होता. त्याआधी तो धुळ्याला बहिणीकडे जाऊन आला. तिथे कॉलेजात आहारावर कुणा डॉक्टरांचं व्याख्यान होतं. ऊन रणरणतं, हॉलमध्ये पंखा, म्हणून आबा आत जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, "भात पचायला हलका. बसून डोक्याचं काम करणाऱ्याला जड जेवण सोसत नाही." आबाने ते मनात पक्कं केलं आणि एस.टी. गाठायला उठला. डॉक्टर पुढे म्हणत होते की भात वाटीभरच घ्या, सोबत डाळ-पालेभाजी घ्या आणि आपली ज्वारी सोडू नका. पण ते ऐकायला आबा होता कुठे? अर्धं ऐकायचं आणि पुरतं बोलायचं, हा पुढाऱ्याचा गुण खुर्चीच्या आधीच त्याच्या अंगात आला होता.

"उद्यापासून मला भात," घरात पाय ठेवताच त्याने जाहीर केलं. धुळ्याहून आल्यापासून तो शुद्ध बोलू लागला होता.

शेवंताबाईने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुमले काय व्हयनं? ताप शे का?"

"ताप नाही. डोक्याचं काम करणाऱ्याने भात खावा, असं डॉक्टर म्हणतात."

डॉक्टरचं नाव निघाल्यावर ती बिचारी घाबरली आणि तांदूळ निवडायला बसली. दोन्ही वेळा ताटात भाताचा डोंगर, वर तूप, वर साखर. पालेभाजीकडे आबा ढुंकून पाहीना. जेवला की दुपारभर ओट्यावर आडवा व्हायचा आणि संध्याकाळी भुकेने कासावीस व्हायचा. शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला की तो कान टवकारी. पण शब्द दिलेला, तो मागे कसा घ्यायचा?

तांदूळ यायचा पुखराज शेटच्या दुकानातून. पुखराज शेटही पंच. आबाच्या घरी रोज तांदूळ जातोय म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणून विचारलं, "आबा, घरात कोण बिमार आहे?"

"कोणी नाही. मीच खातो."

शेटने मान हलवली आणि तांदूळ मापून दिला. झालं! दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटीला येऊ लागली. येताना केळ्यांच्या फण्या आणत, उशाशी ठेवत आणि आबाकडे न बघता भिंतीकडे बघत. "मी ठणठणीत आहे," आबा सांगे. आजारी माणूस दुसरं काय सांगणार? लोक उसासा टाकून उठत.

"बठ्ठा गाव म्हनस, आबाले मोठं दुखनं शे," शेवंताबाई म्हणाली. "आते तरी भाकर खा."

आबाला धडकी भरली. आजारी माणसाला सरपंच कोण करील? त्यातून समोर दुसरा पंच रुपचंद पाटील उभा होता, आणि दहा वर्षांपासून दोघांचा छत्तीसचा आकडा. पण आता भात सोडावा तर धुळ्याहून आणलेलं शहाणपण सगळं पाण्यात. निवड होईपर्यंत आबाने तसाच दम धरला.

निवडीच्या दिवशी मात्र नवल घडलं. रुपचंदने आपलं नाव मागे घेतलं. पुखराज शेटने आबाचं नाव सुचवलं आणि सगळ्या पंचांनी हात वर केले, रुपचंदने तर सगळ्यात आधी. आबाचा ऊर भरून आला. भाताने डोकं चालतं म्हणतात ते खोटं नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

घरी गुलाल उधळला, ओट्यावर चहा फिरला. आबा हळूच आत गेला. शेवंताबाईने न सांगता कळण्याची गरम भाकर वाढली होती, कडेला ठेचा. वास नाकात शिरला आणि आबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पहिला तुकडा मोडला.

भिंतीपलीकडे रुपचंद बोलत होता. "शेट, आपसात कशाला भांडायचं? दिवाळीपर्यंत काही टिकत नाही हा. मरणाऱ्याची हौस तरी पुरी होईल. मग तुम्ही, तुमच्यानंतर मी."

"आणि बरा झाला तर?" पुखराज शेटने विचारलं.

"तर अविश्वासाचा ठराव आहेच की. सगळे पंच आपलेच."

आबाच्या हातातला तुकडा हातातच राहिला. मग त्याने ताट बाजूला सारलं.

"भात टाक," तो बायकोला हळूच म्हणाला, आणि ओट्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खोकला.