खटक्याचं कुलूप

गुंडाच्या सायकल दुकानात फळीवर दोन कुलपं मांडली होती. दोन्ही मागच्या चाकाला कायमची बसणारी, शिंगांसारखी वाकलेली. औषधाच्या बाटल्या पाहाव्यात तशी विजयमाला ती उलटसुलट करून पाहत होती. मागच्या आठवड्यात मंडईबाहेरून शेजाऱ्यांची सायकल चोरीला गेली होती. मामांची, म्हणजे तिचे सासरे लालासाहेब यांची सायकलही तशीच गेली, तर छबीला बालवाडीत कोण आणि कसं सोडणार?

"ह्यात दोन जाती हाईत, वैनी," गुंडा म्हणाला. "ह्ये किल्ली फिरवल्याबिगर लागत न्हाई. उघडं आसंस्तवर किल्ली आतच ऱ्हाणार. आन् ह्ये खटक्याचं. किल्ली खिशात. नुसता खटका दाबला की दांडी तारांतनं पार."

"मला कंचंबी चालंल," लालासाहेब म्हणाले. पलटणीत वीस वर्षं काढून हवालदार होऊन घरी आलेला माणूस. "सूनबाईला इचार. तिला झोप लागली पायजे."

दुकानातले दोघं-तिघं हसले. विजयमाला हसली नाही. साताऱ्याच्या कॉलेजात बी.ए. झालेली, नवरा पलटणीबरोबर जम्मूकडं, पदरात चार वर्षांची एकुलती एक पोर. घरात शेंगदाणा सांडला तरी तो छबीच्या घशात अडकलेला तिला आधी दिसायचा. आता तिला किल्ली दिसली. छबी कॅरियरवर बसते. सीटखाली, अगदी तिच्या हाताशी, ती किल्ली लोंबत राहणार. उपसून तोंडात घातली तर?

"खटक्याचं द्या," ती म्हणाली.

एवढ्यावर तिचं भागलं नाही. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ती सोमवारपासून छबीला कॅरियरला बांधायला लागली. कमरेला दोन फेरे आणि पाठीमागं निरगाठ.

"आवळतंय गं, आई."

"आवळू दे. पडायचं नाही."

"नात हाय का उसाची मोळी?" लालासाहेब विचारायचे. पण गाठ होईपर्यंत निमूट उभे राहायचे.

गुरुवारी सकाळी दोघं निघाले तेव्हा पट्टी आदल्या दिवशी धुतलेली, अजून ओलीच होती. ओली गाठ जास्त घट्ट बसली, म्हणून विजयमालाला बरंच वाटलं. ती मोरीत येऊन धुण्याला बसली. कुंपणापलीकडं रंगूबाई भांडी घासत होती.

"तुमची छबी लय हुशार बगा," रंगूबाई म्हणाली. "सायकल थांबली की खटका तिनंच दाबायचा. आज्यानं कामच लावून दिलंय तिला."

"छबी दाबते?"

"व्हय की! काल रेल्वे फाटकापाशी गर्दी झाली, म्हाताऱ्यानं पाय टेकला, तर हिनं दिला दाबून! फुडं रूळ, मागं उसाच्या गाड्या. म्हातारा खिशात किल्ली हुडकतोय आन् ही हसतीया. आमाला बी लय हसू आलं."

विजयमालाचे हात बादलीतच थांबले. पाण्याखाली सदऱ्याच्या खिशात काहीतरी टणक बोटांना लागलं होतं. सदरा मामांचा, कालचा. आज त्यांनी दुसरा घातला होता. रात्री सायकल घरातच, बिनकुलपाची असायची, म्हणून निघताना किल्लीची आठवण झाली नव्हती.

तिनं किल्ली बाहेर काढली. दुसरं कुलूप घेतलं असतं तर ही आत्ता चाकापाशी असती.

तेवढ्यात मिरजेच्या अंगानं इंजिनची शिट्टी झाली.

किल्ली मुठीत धरून ती अनवाणीच धावली. मागून रंगूबाई काहीतरी विचारत होती. रस्त्यावर उसाच्या गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या, बैलांची तोंडं फाटकाकडं. जुवांना, चाकांना धडकत ती पुढं पोचली तेव्हा फाटक पडलेलं होतं आणि मालगाडी धडधडत चालली होती. गाडी संपता संपेना. डब्यांच्या खालून पलीकडचे बैलांचे पाय दिसत होते, माणसांचे पाय दिसत होते. सायकलचं चाक कुठंच दिसत नव्हतं.

शेवटचा डबा गेला, तशी ती फाटकाखालून वाकून रूळ ओलांडून गेली.

पलीकडं लालासाहेब आणि एक गाडीवान सायकल दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत उचलून उभे होते. सायकलवर छबी. गाडी गेली तरी त्यांनी ती खाली ठेवली नव्हती. लालासाहेबांच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या आणि तोंड राखेसारखं झालं होतं.

"फुडं गाड्या आडल्या, रुळाच्या मधी थांबलो," ते म्हणाले. "हिनं दाबला. खिशात किल्ली न्हाई. म्हटलं पोरीला तरी काढावं... गाठ सुटंना, विजयमाला."

त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"कोयता हुता माज्याकडं," गाडीवान म्हणाला. "पर पट्टी पोटाला लागून. हात धजंना. मग उचलली आख्खी."

"आई, मी कुलूप केलं!" छबी म्हणाली.

त्यांनी सायकल खाली टेकली. विजयमालानं किल्ली लावली. कुलूप एका फेऱ्यात उघडलं. मग ती पाठीमागं गेली, गुडघ्यांवर बसली आणि गाठीला नखं लावली. गाठ हलेना. तिनं दात लावले. ओलं कापड दाताखाली करकरलं, पण पीळ काही सैल झाला नाही.

"आई, आवळतंय."

"थांब गं, थांब," ती म्हणाली. तिनं बांधली होती तशीच गाठ जागच्या जागी होती.