मेहुण्याच्या हातातला दोर

मी एक जुना काथ्याचा दोर आहे. मित्रांनो, गोड बोलणं मला जमत नाही. जन्मभर माणसाच्या कमरेला बांधलेला होतो, त्याची अक्कल जवळून पाहिली आहे.

तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर बायकांनी मला वळलं. माझं एक टोक शंख काढणाऱ्या लूर्दूच्या कमरेला, दुसरं नावेत त्याच्या मेहुण्याच्या, सूसैच्या हातात. तिथली रीतच तशी. आपली बहीण विधवा व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल? लूर्दू एका श्वासावर बुडी मारायचा, मला हिसका द्यायचा, की सूसै भराभर ओढायचा. "मेहुणा असावा तर असा," लोक म्हणायचे. मीही फुगायचो.

मग मालक सवरिमुत्तूने हवेचं यंत्र आणलं. नळी तोंडात धरून लूर्दू बारा वाव, म्हणजे सत्तर-एक फूट, खाली तासन् तास राहू लागला. खालच्या दाबाने हवा रक्तात विरघळते, सोड्याच्या बाटलीत विरघळते तशीच. सावकाश वर आलं तर श्वासावाटे निघून जाते. झटकन आलं तर रक्तातच फसफसते. इस्पितळातल्या नर्सबाईंनी सूसैला हे समजावलं, वाटेत दोनदा थांबवायला बजावलं. त्याने खुणेसाठी माझ्यावर दोन गाठी मारल्या.

मालक हसला. "दाजीला वाटेत चहा पाजतोस काय रे? सोड त्या गाठी."

"मालक, बाई म्हणाल्या..."

"बाई कधी बुडी मारायला गेली होती? का तुझेच हात म्हातारे झाले?"

हातांवर बोलणं आलं आणि सूसैची अक्कल गेली. सोडल्या गाठी त्या मठ्ठाने. दुपारी हिसका बसला, तेव्हा जन्मात कधी ओढलं नव्हतं इतक्या वेगाने त्याने दाजीला वर काढलं. लूर्दू हसतच नावेत चढला. घटकाभराने म्हणाला, "सूसै, माझे पाय कुठे गेले रे?"

पाय तिथेच होते. पुन्हा चालले मात्र नाहीत. मालक म्हणाला, दर्याची मर्जी. लाज नसली की दर्या फार उपयोगी पडतो.

मित्रांनो, वस्तू जपा असं मी सांगणार नाही. मला रोज गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे. दोर सगळेच जपतात. दोराला बांधलेला माणूस जपायला अक्कल लागते, आणि ती सांगणाऱ्याचं ऐकावं लागतं.

आता मी लूर्दूच्या खाटेवर आढ्याला टांगलेला आहे. उठताना हात घसरू नये म्हणून सूसैने माझ्यावर दोन गाठी मारल्यात. सकाळी लूर्दू जुन्या सवयीने एक हिसका देतो. सूसै धावत येतो, आणि त्याला अगदी सावकाश उठवतो.