पत्र्याचं मॅनेजमेंट

गोदातीर विद्यापीठ नवंकोरं होतं आणि त्याचं मॅनेजमेंट स्कूल त्याहून कोरं. पाटी होती, डायरेक्टर होते, घंटा होती, फक्त पोरं नव्हती. नांदेडात पहिलं वर्ष निघालं ते बाकभर पोरांवर. त्यातलं एक तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करी आणि दुसरं निव्वळ पंख्याखाली झोपायला येई. शेवटी कुलगुरूंनी सांगून टाकलं, यंदा वर्ग भरला नाही तर दुकान बंद.

हे 'दुकान बंद' मुनीब सरांना लई लागलं. मुनीब सर म्हणजे तिथले मार्केटिंगचे कंत्राटी प्राध्यापक. स्कूल बंद पडलं तर त्यांच्यासाठी एक दुकान उघडंच होतं, वजिराबादेतलं, अब्बांचं, गाद्यांचं. अब्बा रोज जेवताना चौकशी करायचे.

"काय प्रोफेसर, कापूस पिंजायचा हात अजून हाय ना?"

"अब्बा, मी पर्मनंट होणार हाय."

"हाव, हाव. गादीवाला बी पर्मनंटच असतो म्हणा."

डायरेक्टर डॉ. बसवंत हंगरगे पुण्यात शिकून आले होते. अडचण दिसली की ते तिला चॅलेंज म्हणायचे. पगार लांबला, चॅलेंज. वर्गात शेळी शिरली, चॅलेंज. ते म्हणाले, "मुनीबराव, लातूरला चला. मार्केट तिथं आहे."

ते मात्र खोटं नव्हतं. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक आलं होतं. देवणीपासून मुखेडपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला तिथं कोंबलेली. निकाल लागला की डॉक्टरकी हुकलेली निम्मी पोरं आणि त्यांचे आईबाप चारसहा दिवस गल्लोगल्ली सुन्न होऊन हिंडत. त्यांना गाठायचं, सभा घ्यायची, स्कूलची ओळख करून द्यायची, असं ठरलं.

सभेच्या आदल्या दिवशी मुनीब भिंतीवर पत्रकं चिकटवत फिरला. एका क्लासची पाटी त्यानं वाचली: 'अनुभवी शिक्षक, मुलींची वेगळी सोय, वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये.' त्याला कीव आली. बिचारे, स्लॅब टाकायची ऐपत नसेल. पुढच्या पाटीवरही पत्रे. सगळ्यात बड्या क्लासच्या पाटीवर तर पत्र्याची शेड ठळक लाल अक्षरांत. मुनीबनं मार्केटिंगचा अख्खा अभ्यासक्रम मनात उलटापालटा केला, उत्तर सापडलं नाही, आणि तो पुढचं पत्रक चिकटवायला लागला. लातूरच्या भूकंपाला पाच वर्षं होऊन गेली होती. नांदेडात त्या पहाटे नुसती भांडी वाजली होती, आणि भांडी वाजलेला माणूस लवकर विसरतो.

सभेला मंगल कार्यालयाचा माडीवरचा हॉल घेतला. बैठकीला अब्बांच्याच गाद्या, पांढऱ्याशुभ्र खोळी घातलेल्या. अब्बांनी निक्षून सांगितलेलं, खोळीवर चपलेचा डाग दिसला तर प्रोफेसरला धुवायला बसवीन. जास्तीच्या गाद्या टेंपोतच ठेवल्या आणि टेंपो माडीच्या खिडकीखाली सावलीला लावला. लाईट गेली तर स्लाईड बंद पडू नये म्हणून हंगरगेसाहेबांनी खालच्या खोलीत भाड्याचं जनरेटर आणून बसवलं आणि स्वतःच स्वतःचं कौतुक केलं. "याला म्हणतात प्लॅनिंग, मुनीबराव."

माणसं आली, बरीच आली, पण दारातच थबकली.

"चपला बाहेर काढा," मुनीब हात जोडून म्हणाला.

कुणी काढेना. एकमेकांकडं बघायला लागले. मग एका म्हाताऱ्यानं काढल्या आणि काखेत मारून आत आला. मागच्यांनी तेच केलं. बघता बघता पांढऱ्या खोळींवर एकेक माणूस मांडीवर चपला घेऊन बसला. आणि बसले कसे? पडद्यापुढची जागा मोकळी, साहेबांपुढची मोकळी, आणि सगळी सभा दाराशी दाटलेली, मान पडद्याकडं, गुडघे दाराकडं.

"दारं लावून घ्या, अंधार पाहिजे," हंगरगेसाहेब म्हणाले.

दारं लागली तशी कुणीतरी मोठ्यानं उसासा टाकला. तांबड्या काठाच्या लुगड्यातली एक बाई, शेजारी वेणी घातलेली पोरगी, ती बाई पोरीचा दंड घट्ट धरून बसली.

साहेबांनी सुरुवात केली. पहिल्या स्लाईडवर तीन मजली इमारत, पुढं कारंजं, कारंज्यापाशी टाय घातलेली माणसं. यातलं काहीच बांधलेलं नव्हतं. नांदेडच्या एका इंजिनिअरनं काढलेलं चित्र होतं ते.

"असं आपलं भव्य संकुल. मजबूत आर. सी. सी. स्लॅब. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे हवेशीर!"

सभा एक गादी मागं सरकली.

"भविष्यात पाच मजले!"

सभा भिंतीला टेकली. मुनीबला घाम फुटला. ही माणसं चालली की आपण गेलो. त्यानं घाईघाईनं पुढची स्लाईड ओढली आणि नको तीच आली. विद्यापीठाच्या मागच्या अंगाची खरी शेड, ज्यात बीबीएचा वर्ग भरायचा, वर पत्रा, पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले दगड आणि दारातून आत बघणारी ती चॅलेंजवाली शेळी.

"पुढं! पुढं घ्या!" साहेब कुजबुजले, पण माईकवर.

यंत्र अडकलं. मुनीबनं थापडलं, फुंकलं, हलवलं. शेळी पडद्यावर ठाम.

"हे कुणाचं हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता.

"ते जुनं आहे, लाजिरवाणं आहे," साहेब म्हणाले. "ते आम्ही पाडणार."

तेवढ्यात लाईट गेली. आणि साहेबांच्या प्लॅनिंगप्रमाणं खालच्या खोलीतलं जनरेटर सुरू झालं. गुरगुरलं, अडखळलं, मग धडधडायला लागलं. जमीन थरथरली. खिडकीची तावदानं खुळखुळली. पांढऱ्या खोळींवर बारीक लाट उठली.

कुणी ओरडलं नाही. त्याचीच मुनीबला नंतर जास्त भीती वाटली. दारं उघडली, लेकरं पुढं, बाया मागं, मग म्हातारे, मग बाकीचे, आणि सगळी माणसं जिन्यानं खाली गेलीसुद्धा, पायांत चपला घालून. हॉलमध्ये उरले मुनीब आणि साहेब. माणसं उतरत होती तोवर साहेब मुनीबला सांगत होते की लातूरकरांचं हे भूकंपाचं भय म्हणजे निव्वळ मानसिक दुर्बलता. आता साहेबांनी एकदा छताकडं पाहिलं, एकदा मुनीबकडं पाहिलं, आणि खिडकीतून उडी टाकली. अब्बांच्या गाद्या अस्सल कापसाच्या. साहेब टेंपोत पडले, उसळले, पुन्हा पडले, आणि टेंपोवाला म्हणाला, "साहेब, बूट! खोळी हायत त्या!"

मुनीब खाली आला तेव्हा सभा मैदानात बसलेली होती, ऐसपैस, उन्हात. कुणी पानाची चंची काढलेली, कुणी पाय पसरलेले. इतका वेळ जीव आवळून बसलेल्या माणसांना आता गप्पा सुचत होत्या.

"जनरेटर होतं हो," मुनीब म्हणाला. "घाबरायचं कारण न्हाई."

"जनरेटर हाय ते आमाला बी कळलं," तांबड्या काठाची बाई म्हणाली. "पण पायाला कोण सांगावं? पाय विचारून पळतेत का?" ती कस्तुराबाई, औशाकडची. पोरगी तिची तनुजा. "सर, एक खरं सांगा. ते पत्र्याचं पाडलं का हाय अजून?"

मुनीबनं टेंपोकडं पाहिलं. साहेब गाद्यांतून उठायची खटपट करत होते.

"का विचारताव, मावशी?"

"आमचं घर दगडाचं हुतं. हिच्या बापानं लई हौसेनं वर मातीचं माळवद घातलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्या पहाटेपासून पोरगी पत्र्याखाली शिकली. हुशार हाय. बारावीच्या पेपराला बैठक नंबर आला स्लॅबच्या शाळेत. वरच्या वर्गात कुणी बाक वढला, तर ही पेपर टाकून भायेर. डॉक्टरकी तितंच गेली. म्हणून इचारलं."

सगळ्या सभेचे कान इकडं होते. शेड आहे म्हणावं तर साहेब ठेवणार नाहीत. पाडली म्हणावं तर ही माणसं उठतील आणि स्कूलच राहणार नाही. दोन्हीकडून आपलाच कापूस पिंजला जाणार.

"शेडच हाय," तो म्हणाला. "इमारत नुसती चित्रातली. पावसाळ्यात पत्र्यावर एवढं वाजतं की मलाच माझं ऐकू येत न्हाई. शेळी येते."

"शेळी आली तर येऊ द्या," म्हातारा म्हणाला. "स्लॅब न्हाई ना?"

"न्हाई."

"शब्द द्या," कस्तुराबाई म्हणाली. "पोरगी शिकस्तोर तिला स्लॅबखाली घालणार न्हाई म्हणून."

मुनीबनं शब्द दिला. देताना त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं तिथं बसलेल्या सगळ्यांनाच देऊन टाकला.

वर्ग गच्च भरला. हंगरगेसाहेब चिडायचे विसरले आणि हा आपल्या प्रेझेंटेशनचा विजय असल्याचं त्यांनी कुलगुरूंना कळवलं. मुनीबची नोकरी टिकली, अब्बांची चौकशी थांबली, तनुजा पहिली येत राहिली. आणि एवढी पोरं आली म्हटल्यावर विद्यापीठानं खूश होऊन मंजूर काय केलं? इमारत. तीन मजली. कारंज्यासकट.

तनुजाच्या तिसऱ्या वर्षी ती उभी राहिली. उद्घाटनाला पालकमंत्री आले. तिसऱ्या मजल्यावर मुनीबचा तास, त्या तासाला मंत्री बसणार, आणि तास संपला की त्यांच्याच हातून मुनीबला पर्मनंटची ऑर्डर. अब्बा नवी शेरवानी घालून पुढच्या खुर्चीत बसले होते.

मुनीब पोरांना घ्यायला खाली आला. लातूरची सगळी पोरं पहिल्या पायरीपाशी उभी होती. तनुजानं पायरीवर पाय ठेवला. पाय थरथरत होता. तिनं तो उचलला आणि परत ठेवला.

"मी जाते सर," ती म्हणाली. "तुमची ऑर्डर हाय वर. तेवढा एक तास काढते मी कसाबसा."

"मुनीबराव!" वरून साहेबांचा आवाज आला. "मंत्रिमहोदय थांबलेत!"

मुनीबनं वर पाहिलं. मग तनुजाच्या पायाकडं.

"चला," तो म्हणाला आणि जिन्याकडं पाठ करून शेडकडं निघाला.

शेड त्याच दिवशी पाडायला घेतली होती. कामगार वर चढून पत्रे उचकटत होते. मुनीबनं फळा झटकला, पोरं आपापल्या जागी बसली, आणि वरून विचारणा झाली, "सर, आमी थांबू का चालू ठिवू?"

"चालू ठेवा. आमचं बी चालू हाय."

तिकडं लाईट गेली असावी, कारण नव्या इमारतीतलं जनरेटर धडधडायला लागलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत हंगरगेसाहेब दिसले. ते वाकून खाली बघत होते, डावीकडं, उजवीकडं. खाली नुसतं कारंजं होतं. त्यांच्या शेजारी शेरवानीतले अब्बा येऊन उभे राहिले आणि मुनीबकडं बघून त्यांनी हवेतच कापूस पिंजून दाखवला.

मुनीबला हसू आलं. डोक्यावरचा पत्रा निघाला, तनुजाच्या वहीवर ऊन पडलं. तिनं वही जरा तिरकी केली.

"सर, पुढं?"