कोमट सूप

माझ्या धाकट्या भावाच्या पोटात माझी डावी किडनी आहे. त्यामुळे त्याच्या पोटात काय जातं याच्याशी माझा थेट संबंध येतो. पाच महिने मी हे सगळ्यांना सांगतेय, आणि पाच महिने कोणी ऐकत नाहीये.

भाऊ अडतीस वर्षांचा आहे, पण घरात तो बारक्याच. तो आईजवळ राहतो, मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवते. ऑपरेशननंतर डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या किडनीला शत्रू समजते, म्हणून ती गोळ्या देऊन मुद्दाम दाबून ठेवायची, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं काहीही द्यायचं नाही.

इतकी साधी गोष्ट. पण भेटायला येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढताच म्हणणार, याची इम्युनिटी वाढवायला हवी बरं का. आत्याने पेपरातलं कात्रण आणलं, त्यात सगळं आरोग्य म्हणे आतड्यात असतं. मामांनी कसलीशी हिरवी पावडर आणली. ती मी त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकली आणि सांगितलं, की जी गोष्ट दाबायला आम्ही रोज अकरा गोळ्या चारतो तीच तुम्ही वर काढायला निघालात, तेव्हा डोकं वापरा, नसेल तर उसनं आणा. मामा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मला तर सुटल्यासारखंच झालं.

दुकानातही याच विषयाने नाकी नऊ आणलेत. प्रोबायोटिक म्हणजे कॅप्सूलमध्ये भरलेले उपयोगी जिवंत जंतू. अँटिबायोटिकमुळे पोट बिघडतं तेव्हा त्यातले काही प्रकार खरंच कामाला येतात, डॉक्टर लिहून देतात, मीही देते. पण लोकांना त्यातून गाढ झोप हवी असते, तोंडावर तेज हवं असतं, आणि जमलं तर सुनेचा स्वभावही सुधारून हवा असतो. पूर्वी मी प्रत्येकाला विचारायची, कोणासाठी नेताय, काय त्रास आहे, दुसरं औषध कुठलं चालू आहे. त्यावर उत्तर यायचं, तुम्ही डॉक्टर आहात की दुकानदार? शेवटी मी कंटाळून विचारणंच सोडलं. बाटली द्यायची, तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची, हिरव्या पेनाने ‘दिवसातून एक’ लिहायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. हिरवं पेन अशासाठी, की निळी आणि काळी पेनं लोक खिशाला लावून नेतात.

त्यात आईच्या समोर राहणाऱ्या काकू. त्यांच्या पोटाची गाऱ्हाणी मी वीस वर्षं ऐकतेय. मागच्या महिन्यात त्या प्रोबायोटिक न्यायला आल्या आणि एकामागून एक शंका विचारत बसल्या. मागे सहा माणसं उभी होती. मी एका दमात सगळी उत्तरं दिली आणि बाटली त्यांच्या पिशवीत कोंबली.

त्याच सुमारास बारक्या कुरकुरायला लागला. म्हणाला, "ताई, आईला सांग ना, सूप जरा गरम देत जा म्हणावं. रोज कोमट पाणी प्यायल्यासारखं वाटतं." मी आईला फैलावर घेतलं. त्याला ताजं, वाफाळतं अन्न द्यायचं हे किती वेळा सांगायचं? आई बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सूप पुन्हा कोमट. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला.

गुरुवारी सकाळी बारक्याला थंडी वाजून ताप भरला. तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. डॉक्टरबाईंनी विचारलं, नेहमीच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही चालू होतं का? आई तोंड उघडायच्या आत मीच बोलले. म्हटलं, घरात फार्मासिस्ट आहे, माझ्या नजरेआड त्याच्या पोटात काही जात नाही. शेजारी आई मांडीवरच्या पिशवीची चेन उघडत होती, लावत होती. मला त्या आवाजाचाही राग आला.

दोन दिवस झाले तरी ताप हटेना. किडनीचे आकडे बिघडायला लागले. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताप कशामुळे आहे ते कळलं नाही तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवावी लागतील. आधी जीव वाचवायचा. किडनी मग राहील याची खात्री नाही.

शनिवारी दुपारी मी बारक्याचे कपडे आणायला आईच्या घरी गेले. दूध नासलं असेल म्हणून फ्रिज उघडला. भाजीच्या कप्प्यात, गाजरांच्या खाली, लोकरीचा एक मोजा होता. मोज्यात बाटली होती. प्रोबायोटिक, निम्म्याहून जास्त संपलेली.

माझं डोकंच फिरलं. कुठल्या मूर्खाने एका म्हाताऱ्या बाईला काहीही न विचारता हे दिलं? त्याचं दुकान बंद पाडते, असं मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं आणि दुकानाचं नाव बघायला बाटली फिरवली. ‘दिवसातून एक.’ हिरव्या शाईत.

मग काकूंच्या सगळ्या शंका एकेक करून आठवल्या. कुठे ठेवू? फ्रिजमध्ये. कॅप्सूल गिळवत नसेल तर? फोडून कशात तरी घाला. गरम चालेल? गरमात नको हो, जंतू मरतात, कोमट असू दे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. कपडे तिथेच ठेवून मी बाटली घेऊन निघाले.

हॉस्पिटलात आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर होती. मी बाटली तिच्यासमोर धरली. तिने नाकारलं नाही. तीन आठवडे रोज एक, सुपातून, म्हणाली. बारक्याला माहीत नव्हतं. काकूंना तिनेच पाठवलं होतं, आणि कोणासाठी ते सांगू नका असंही तिनेच बजावलं होतं.

"मला का नाही विचारलंस?" मी म्हटलं.

"तुला विचारायची भीती वाटते गं." आई बाटलीकडेच बघत होती. "तुझंच बरोबर असतं. पण विचारणाऱ्याला तू वेड्यात काढतेस. परवा डॉक्टरबाईंना सांगणार होते, तर तू बोलून मोकळी झालीस. मला वाटलं, तुझ्याच हातून येतंय ना, मग चांगलंच असणार."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नेहमीच असतं. पण हातात ती बाटली होती आणि तिच्यावर माझं अक्षर होतं. मला आईचा राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं, विकली कोणी तेसुद्धा. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि लॅबला फोन लावला. बारक्याच्या रक्तात याच जातीचे जंतू दिसले होते, पण नमुना हाताळताना मिसळले असतील असं समजून लॅबने ते सोडून दिले होते. निरोगी माणसाला सहसा काही न करणारे जंतू, त्यांच्यावर कोण संशय घेणार? डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिक बदललं. जाताना मला म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत."

मंगळवारी ताप उतरला. आकडे खाली यायला आणखी आठवडा लागला, पण आले. किडनी राहिली. बारक्या घरी आला आणि पहिल्याच दिवशी, सूप आता फार गरम आहे म्हणून कुरकुरला.

मी दुकानात पुन्हा विचारायला लागलेय, कोणासाठी नेताय? लोक पुन्हा वैतागायला लागलेत. आणि आई दिवसभर फोन करते. सफरचंदाचं साल काढू का? खिडकी उघडी ठेवू का? आत्याने आणलेला मध चालेल का? काल ऐन गर्दीत अकरावा फोन आला. समोर चार गिऱ्हाइकं, हातात कोणाचं तरी वाचता न येणारं प्रिस्क्रिप्शन.

"अगं, तो साधं पाणी मागतोय," आई म्हणाली. "उकळून गार केलेलं देऊ, की नुसतं गाळून?"

हे मी तिला किमान वीस वेळा सांगितलेलं होतं. मी डोळे मिटले, हिरवं पेन खाली ठेवलं.

"उकळून गार केलेलं दे, आई. विचारलंस ते बरं केलंस."

मग आईने हळूच विचारलं, "तुला बरंबिरं नाहीये का गं?"