उंबराचं खाचर

वृंदाचं काम ऐकलं की लोक आधी हसत. दिवसभर लोक मोबाइलवर काय बडबडतात ते वाचायचं आणि ती बडबड कुठली ते नकाशावर लावायचं, याला कुणी पगार देतं का? पण देत होते. "शहाडच्या पुलाखाली ट्रक अडकलाय" असं कुणी लिहिलं की उल्हासनगरमधल्या तिच्या ऑफिसातली मशीन त्यातलं ठिकाणाचं नाव उचलायची, नकाशावर लाल ठिपका टाकायची, आणि तिथं मदत जायची. मशीनला नावं शिकवणं हे वृंदाचं काम. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचा प्रत्येक नाका, गल्ली, सोसायटी तिनं डोळ्यांत तेल घालून यादीत भरली होती. यादीतलं एकही नाव ज्या पोस्टमध्ये नसेल ती एका ढिगात जायची. ऑफिसात त्या ढिगाला सरळ कचरा म्हणत. हा नियमही वृंदानंच घातलेला.

यादी भरताना एकदा ती घरी लॅपटॉप घेऊन बसली होती, तेव्हा तिचा बाप बाळाजी शेजारी येऊन टेकला. सोनिवलीची भातशेती बिल्डरला देऊन ही मंडळी शिरगावच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

"आपल्या सोनिवलीचा लिवलास काय?"

"लिहिलं ना बा."

"खाचरांची नावा लिवलीस? उंबराचा खाचर, कोंडीचा, म्हसोबाचा..."

भाताचे बांध घातलेले तुकडे, अशी अकरा खाचरं होती, आणि प्रत्येकाला नाव होतं. म्हातारा एकेक नाव असं सांगत होता, जशी कुणी घरातली माणसं मोजावीत. तिनं सगळी लिहून घेतली, आणि तो चहा प्यायला उठला तशी पुसून टाकली. "आता तिथं उंबर नाही नि खाचरही नाही. असल्या नावानं कोण पोस्ट टाकणार?" असं तिनं भावाला, जितेशला, हसत सांगितलं होतं.

पुढं बाळाजीला विसर पडायला लागला. आधी किल्ल्यांचा, मग वाराचा, मग नातवंडांचा. भर दुपारी म्हणायचा, मना घरा जावाचा हाय. सगळे म्हणत, बा, हेच घर. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी तो खांद्यावर पंचा टाकून बाहेर पडला आणि दुपारपर्यंत परतला नाही. घरात कुणाच्या तोंडाला पाणी लागलं नाही. पोलिसांत तक्रार झाली. जितेश सोनिवलीच्या गावठाणात जाऊन घरोघर विचारून आला. तिथं तो आलाच नव्हता. वृंदानं मात्र आपल्या मशीनवर भरवसा ठेवला. म्हातारा माणूस, एकटा, पंचा, असे शब्द टाकून ती ऑफिसात बसून राहिली. बुधवारी मशीननं अंबरनाथवर ठिपका टाकला. स्टेशनबाहेर एक म्हातारा बसलाय, खांद्यावर पंचा. दोघं बहीणभाऊ धावले. तो भलताच कुणीतरी निघाला, जालन्याहून आलेला, आपल्याच मुलाची वाट बघत बसलेला. त्यात सगळा दिवस गेला.

गुरुवारी सकाळी गावठाणातल्या विठाकाकीचा फोन आला.

"वृंदे, शेताव बघितलंव काय गो?"

"काकी, शेत राहिलंय कुठं?"

"अगो, त्यो रोज सकाळी उठून उंबराचे खाचरान जायाचा. इतकी वर्सा गेला. पायांना तीच वाट ठावी."

वृंदानं फोन ठेवला. तिनं कचऱ्याचा ढीग उघडला आणि 'उंबर' एवढंच टाइप केलं. पाच पोस्ट निघाल्या.

मंगळवार दुपार: "आपल्या गेटवर एक आजोबा आलेत, उंबराचं खाचर कुठे विचारतायत. कुणाला माहितीय?" मंगळवार संध्याकाळ: "भाई, ये उंबर का खाचर किधर है? मॅपवर दाखवत नाहीये." बुधवार सकाळ: "उंबराचं खाचरवाले आजोबा अजून इथेच. मी पाणी दिलं." बुधवार दुपार: "रात्रभर भिंतीला टेकून होते म्हणे. उंबर उंबर करतात. घरच्यांना काही आहे की नाही?" आणि शेवटची, आज सकाळी सात दहाची: "उंबरवाले आजोबा हलत नाहीयेत. कुणीतरी वॉचमनला सांगा."

पाचही जणांनी ठिकाण लिहिलं नव्हतं. आपल्याच सोसायटीच्या पानावर सोसायटीचं नाव कोण लिहितं? ठिकाणाचं नाव त्यांत एकच होतं, आणि ते वृंदानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

त्यांच्या शेतावर बिल्डरनं उभारलेल्या टॉवरचं गेट गावठाणाच्या पार पलीकडे, नव्या रस्त्यावर. वॉचमन हिरामण ओशाळून उभा होता. "ताई, ॲम्ब्युलन्सनं नेलं, पण त्याआधीच... मी दोनदा विचारलं हो, बाबा घर कुठं? ते म्हणायचे, इथंच. मला वाटलं, डोकं फिरलंय."

"त्यांचं बरोबर होतं," वृंदा म्हणाली, आणि तिथंच भिंतीला धरून ओक्साबोक्शी रडली.

तेरावं उरकून ती ऑफिसात आली. साहेब, अल्पेशभाई, म्हणाले, अजून चार दिवस घे. यादी उघडून तिनं लिहिलं, उंबराचं खाचर, सोनिवली, आणि जोडीला नुसतं उंबर. क्षणात त्या पाचही पोस्ट कचऱ्यातून उठल्या आणि ठिपके होऊन नकाशावर एकाच जागी, एकावर एक येऊन बसल्या.

मग तिनं कोंडीचं लिहिलं, म्हसोबाचं लिहिलं. बऱ्याच वेळानं 'लांबट' हे नाव आठवलं, तेही लिहिलं. पाचव्याला हात थांबला. जितेशला फोन केला, त्याला तर तीनच ठाऊक होती. विठाकाकी म्हणाली, आमचे वाटणीची सांगतंय, तुमची तुझ्या बापासलाच ठावी.

अकरातली सात उरली होती. वृंदा संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या ओळींसमोर बसून राहिली. विचारायचं ज्याला, तो आता उरला नव्हता; तीन दिवस गेटवर लोक त्याला विचारत होते, तेव्हा तो सांगतही होता.